रातपाळीनंतर चार तासांतच जाग का येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम, दर आठवड्याला पाळी बदलते. थर्ड शिफ्ट रात्री ११ ते सकाळी ७. घरी येऊन आडवं झालं की डोळा लगेच लागतो, पण बाराच्या आत टक्क जाग येते आणि मग काही केल्या झोप येत नाही. उलट कामावर पहाटे तीन-चारला उभ्या उभ्या मान पडते. हे मनाचं आहे, सवयीचं आहे की आजार? मेलाटोनिनच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

आजाराचं शेवटी बघू, कारण तो वगळण्याआधी शरीर मुळात कसं चालतं हे कळायला हवं. डोळा पटकन लागणं, दुपारच्या आत जाग येणं आणि पहाटे मान पडणं या तीन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण तिन्हींचं कारण एकच आहे. झोपेवर दोन यंत्रणांचा ताबा असतो. एरवी त्या जोडीने काम करतात. रातपाळीत एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला होतं. झुरिकचे झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये ही मांडणी केली. तिच्यात पुढे भर पडत गेली, पण पाया अजून तोच आहे.

पहिली यंत्रणा झोपेच्या दाबाची. जागेपणी मेंदूच्या पेशी एटीपी हे इंधन जाळतात आणि त्यातून अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य पेशींबाहेर साठत जातं, गुऱ्हाळाच्या चुलाणात चिपाडं जळतील तशी राख साठावी तसं. जितका वेळ जागे, तितकं अ‍ॅडेनोसिन जास्त आणि तितकी झोपेची ओढ जास्त. झोपल्यावर, विशेषतः पहिल्या तीन-चार तासांतल्या गाढ झोपेत, हा दाब झपाट्याने उतरतो. तुम्ही सकाळी आठला झोपता तेव्हा पंधरा-वीस तासांचं जागरण झालेलं असतं, त्यामुळे पाठ टेकायचा अवकाश की डोळा लागतो. इथवर सगळं ठीक.

दुसरी यंत्रणा घड्याळाची. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. त्याला सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस म्हणतात. तुम्ही झोपलेले असा वा जागे, याची लय चालूच राहते. पेशीच्या आत काही जनुकं प्रथिनं बनवतात, ती प्रथिनं साठली की त्याच जनुकांना थांबवतात, मग हळूहळू नष्ट होतात आणि चक्र पुन्हा सुरू होतं. एका फेरीला साधारण एक दिवस लागतो. (या यंत्रणेच्या शोधासाठी हॉल, रॉसबाश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. शोध लागला तो फळमाशीत, पण माणसातलं तत्त्व तेच.) माणसाच्या घड्याळाची स्वतःची फेरी चोवीस तासांहून किंचित मोठी असते. म्हणून उशिरा झोपायची सवय आपोआप लागते आणि लवकर झोपायची मुद्दाम लावावी लागते.

हे घड्याळ शरीराचं तापमान, कॉर्टिसॉल, मेलाटोनिन, भूक, एवढंच काय मूत्रपिंडाचं कामही वेळेनुसार बदलतं. रात्री झोपणाऱ्या माणसाचं आतलं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली जातं आणि सावधपणाही तेव्हाच तळाला असतो. तुमची मान तीन-चारला पडते ती यामुळे. तिथून तापमान आणि सावधपणा दोन्ही चढू लागतात. दुपारी बाराच्या सुमारास घड्याळ जागं राहण्याचा इशारा बऱ्यापैकी जोरात देत असतं, आणि तोवर चार तासांच्या झोपेने दाबही बराच उतरलेला असतो. ओढायला कोणी उरत नाही, जाग येते. त्यात दिवसा मूत्रपिंडं रात्रीपेक्षा जास्त लघवी तयार करतात, म्हणजे मूत्राशयही उठवतं. पडदे काळे केले, फोन बंद केला तरी बाराला जाग का येते, याचं उत्तर हे आहे. झोप ‘मोडली’ असं वाटतं, पण घड्याळाच्या हिशेबाने तुम्ही भर दुपारपर्यंत लोळत होता.

आता जाग आल्यावर अंथरुणात तळमळत राहिल्याने काम आणखी का बिघडतं ते बघा. हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातल्या काही पेशी झोप आणतात. मेंदूच्या खालच्या भागातली नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, सेरोटोनिन आणि हिस्टॅमिनची केंद्रं जागं ठेवतात. दोन्ही गट एकमेकांना दाबून धरतात, त्यामुळे मधली अवस्था फार टिकत नाही. माणूस एक तर झोपेत असतो, नाही तर जागा. ऑरेक्झिन नावाचं रसायन जागेपणाच्या बाजूने टेकू देऊन स्विच सारखा इकडेतिकडे पडू देत नाही. ऑरेक्झिनच्या पेशी नष्ट झाल्या की नार्कोलेप्सी होते, म्हणजे हसता हसता अंगातलं बळ जाणं, बोलता बोलता झोप लागणं. सर्दीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी पेंग येते तीही इथूनच: हिस्टॅमिन अडवलं की जागेपणाचा एक खांब निखळतो. ‘आता झोप लागलीच पाहिजे, रात्री परत ड्यूटी आहे’ ही चिंता नॉरअ‍ॅड्रेनॅलिन वाढवते, म्हणजे स्विच जागेपणाच्या बाजूला दाबून धरते. प्रयत्न करून झोप लागत नाही, ती यामुळे. वीसेक मिनिटं डोळा लागला नाही तर उठा, दुसऱ्या खोलीत अंधारातच बसा, पेंग आली की परत या. घड्याळाकडे बघू नका.

घड्याळ सरकवायचं मुख्य साधन म्हणजे उजेड. डोळ्याच्या पडद्यात मेलानॉप्सिन असलेल्या खास पेशी असतात. त्या निळसर उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात आणि थेट घड्याळाच्या त्या पुंजक्याला खबर पोचवतात. घरातल्या ट्यूबखाली साधारण १००-२०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड पडतो. सकाळी उघड्यावर ढग असले तरी काही हजार लक्स, लख्ख उन्हात पन्नास हजारांच्या वर. डोळ्यांना हा फरक तितका जाणवत नाही, घड्याळाला जाणवतो. तापमानाच्या तळाआधी, म्हणजे रात्रभर, मिळालेला उजेड घड्याळ मागे ढकलतो, म्हणजे झोपेची वेळ उशिरा जाते; तळानंतर मिळालेला ते पुढे ओढतो, म्हणजे ती वेळ लवकर येते. तुम्ही सातला गेटबाहेर पडून पुणे-बंगळूर हायवेने पंचगंगेच्या पुलावरून घरी येता, तेव्हा नेमका हा दुसरा उजेड मिळतो आणि रात्रभर थोडं मागे सरकलेलं घड्याळ परत जागच्या जागी येतं. कोल्हापुरात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, मे महिन्यात सहाच्या सुमारास. तोच रस्ता, तीच वेळ, पण उन्हाळ्यातली थर्ड शिफ्ट हिवाळ्यातल्यापेक्षा जड जाते त्यात उकाड्याइतकाच या उजेडाचाही हात आहे.

घड्याळ दिवसाला साधारण एक तास, फार तर दोन तास सरकतं. आठवड्याच्या पाळीत ते पूर्ण उलटं होईपर्यंत पाळीच बदलते. त्यामुळे ‘शरीराला रातपाळीची सवय लावून घ्या’ हा सल्ला आठवडी पाळीला लागूच पडत नाही. कायम नाईट करणारा सुट्टीच्या दिवशीही दिवसा झोपला तर ते थोडंफार जमतं, पण घरात लग्नकार्य, पाहुणे, पोरांची शाळा असताना तसं कोण राहतं? तालमीतल्या पोरांचं उदाहरण बरेच जण देतात, की ती पहाटे चारला उठून जोर-बैठका मारतात, मग सवयीने काय होत नाही? ती पोरं रात्री नवाच्या आत झोपतात, दुपारी खुराक झाला की पुन्हा झोपतात, आणि हा क्रम आठवड्याचे सातही दिवस बदलत नाही. त्यांचं घड्याळ एकदा सरकलं की तिथेच राहतं. तुमचं दर सोमवारी हलवलं जातं.

मग करायचं काय? एका दमात आठ तास झोपायचा हट्ट सोडा आणि झोपेचे दोन भाग करा. पहिला भाग सकाळी साडेआठ ते साडेबारा. जाग आली की भांडू नका, उठून जेवा. दुसरा भाग दुपारी तीन ते साडेचार-पाच. दुपारी एक ते चार या वेळात सावधपणात नैसर्गिक उतार असतो, म्हणून तेव्हा पुन्हा डोळा लागू शकतो. संध्याकाळी सातनंतर झोपून ड्यूटीला जाऊ असं बरेच जण ठरवतात आणि फसतात. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास घड्याळाचा जागेपणाचा जोर दिवसातला सर्वांत जास्त असतो, त्या वेळी झोप लागणं सर्वांत अवघड. या दोन भागांची बेरीज साडेपाच-सहा तास होते. प्रौढ माणसाला किमान सात लागतात, म्हणजे रोज तासाभराची तूट राहणारच. ती सुट्टीत भरायची.

नाईटचा आठवडा सुरू होतो त्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी उठा आणि दुपारी अडीच-तीनच्या सुमारास दीड-दोन तास झोपून घ्या. तसं न केल्यास पहिल्या रात्री चुकांचा धोका वाढतो, कारण सकाळी उठलेला माणूस तसाच चोवीस तास जागा राहतो. शेवटच्या नाईटनंतर मात्र उलटं करा: सकाळी फक्त दोन-तीन तास झोपा, अकराला उठा, दुपारी उन्हात हिंडा-फिरा आणि रात्री दहाला झोपा. दिवसभर झोपलात तर रात्री डोळा लागणार नाही आणि फर्स्ट शिफ्टचा पहिला दिवस वाया जाईल. पाळी बदलण्याचा क्रम फर्स्ट, सेकंड, थर्ड असा पुढे जाणारा असेल तर शरीराला सोपं जातं, कारण आपलं घड्याळ मुळात मागे पडायच्या कलाचं आहे. थर्ड, सेकंड, फर्स्ट असा उलटा क्रम असेल तर सुपरवायझरकडे हा मुद्दा जरूर मांडा. कंपनीचा त्यात एक रुपयाही जात नाही.

कामावर असताना जेवणाच्या सुट्टीत, दोन ते तीनच्या दरम्यान, १५-२० मिनिटांची डुलकी घ्यायला मिळाली तर घ्या. अर्ध्या तासाच्या वर जाऊ नका. त्यानंतर गाढ झोप सुरू होते आणि तिच्यातून उठलेला माणूस पंधरा मिनिटं ते अर्धा तास अर्धवट गुंगीत असतो. छोट्या डुलकीनंतरही दहा-पंधरा मिनिटं हलकं काम करा. उठल्या उठल्या पोअरिंगला (वितळलेला धातू साच्यात ओतायला) किंवा भट्टीजवळ लॅडलपाशी (त्या धातूच्या भांड्यापाशी) उभं राहू नका. त्या गुंगीत माणसाला आपण पूर्ण जागे आहोत असंच वाटत असतं, खरा धोका तो.

चहाचं गणित बहुतेकांचं चुकतं. कॅफीन अ‍ॅडेनोसिन कमी करत नाही, पेशींवरच्या ज्या खुंट्यांवर अ‍ॅडेनोसिन बसतं तिथे ते फक्त स्वतः जाऊन बसतं. खाली दाब साठतच असतो, जाणवत नाही इतकंच. रक्तातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच-सहा तास लागतात. पहाटे पाचला टपरीवर घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन सकाळी दहा-अकराला अंगात असतं, म्हणजे नेमकं तुमच्या झोपेच्या मधोमध. भरल्या कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं. अर्ध्या चहात कमी, पण अर्धे चहा रात्रीत सहा होतात. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्या आणि तीनला बंद करा. तंबाखू, मावा आणि बिडीलाही हाच नियम, कारण निकोटिनही जागं ठेवतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा: बिडी-सिगारेटच्या धुराने कॅफीन लवकर निपटतं, त्यामुळे ती सोडल्यावर तेवढाच चहा जास्त चढतो आणि झोप जाते. दोष सोडण्याला दिला जातो.

सकाळी ‘झोप लागावी म्हणून’ एक पेग घेणारेही आहेत. डोळा लवकर लागतो खरा. पण दारू उतरायला लागली की झोपेचा दुसरा भाग तुकड्यातुकड्यांनी होतो, स्वप्नांची झोप कमी होते आणि घशाचे स्नायू ढिले पडून घोरणं वाढतं. आधीच चार तासांची झोप, ती आणखी तुटते.

खाण्याचं एवढंच: मुख्य जेवण रात्री नवाच्या आत घ्या, पाळीत दोनच्या सुमारास हलकं काहीतरी. रात्री इन्सुलिनचं काम सुस्त असतं, तेच जेवण दिवसापेक्षा साखर जास्त चढवतं. तांबडा-पांढरा रस्सा सुट्टीच्या दुपारी खावा. रात्री दोनला डब्यात आणला तर सकाळी आडवं होताच आंबट घशाशी येणार. पण अगदी उपाशीही झोपू नका, भुकेनेही अकराला जाग येते.

आता खोलीबद्दल. झोप लागताना आतलं तापमान उतरावं लागतं आणि ती उष्णता हाता-पायांच्या कातडीतून बाहेर जाते. भट्टीवरून आलेल्या अंगाला गार पाण्याचा धक्का दिला तर कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि उष्णता आतच कोंडते. कोमट पाण्याने अंघोळ करा, मग पंख्याखाली बसा. पत्र्याच्या खोलीत मार्च ते मे दरम्यान अकरानंतर झोप टिकणं कठीणच. तिथे गोळ्या, तेल, जप कशाचाच उपयोग नाही, जागा बदला. जुन्या घरात माजघर असेल तर सोप्यावर किंवा माडीवर झोपू नका, माजघरात झोपा. खिडकी नाही म्हणून आपण ज्या खोलीला नावं ठेवतो ती दिवसाच्या झोपेला सर्वांत चांगली: अंधारी, गार, रस्त्यापासून लांब. फ्लॅट असेल तर खिडकीला जाड काळं कापड कडांसकट चिकटवून लावा. फटीतून येणारी उन्हाची एक तिरीपही पुरते. पंख्याची सलग घरघर भांड्यांचा आणि हॉर्नचा आवाज बुजवते. दाराला आतून कडी लावा आणि घरच्यांना वेळ सांगून ठेवा. दूधवाला, कुरियर, गॅसवाला हे सगळे सकाळी दहाच्या सुमारासच येतात.

येताना काळा गॉगल घातला तर सकाळचा उजेड कमी पोचतो, पण ही युक्ती पूर्ण जागा असलेल्यालाच. पेंग येत असेल तर गॉगल नको आणि गाडीही नको. आधी कंपनीतच वीस मिनिटं झोपा, किंवा बसने या. डोळे चुरचुरणं, मागचा किलोमीटर कसा गेला ते न आठवणं, गाडी पांढऱ्या पट्ट्यावर जाणं, यातलं एक जरी झालं तरी थांबायचं.

मेलाटोनिन ही झोपेची गोळी नाही. अंधार पडल्याची खबर आहे. पिनियल ग्रंथी ते रात्री आपणहून सोडते, नेहमीच्या झोपेआधी साधारण दोन तास. दिवसाच्या झोपेआधी अर्धा तास ०.५ ते ३ मिलिग्रॅम घेतल्याने झोप थोडी लांबू शकते, फार तर अर्धा तास. डोस वाढवून फायदा त्या प्रमाणात वाढत नाही. चुकीच्या वेळी घेतलं तर घड्याळ नको त्या बाजूला सरकतं. घरी पोचल्यावरच घ्यायचं, गाडी चालवायच्या आधी नाही. फिट्सचा त्रास, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गुंगी आणणाऱ्या गोळ्या मित्राच्या पाकिटातून घेऊ नका. अल्प्राझोलाम रक्तात निम्मं व्हायला सुमारे ११ तास लागतात, क्लोनाझेपामला ३० तासांहून जास्त. सकाळी घेतलेली गोळी रात्री भट्टीसमोर अंगात असते. सवय लागते हे वेगळंच.

आता आजाराचं. दिवसपाळीच्या आठवड्यातही झोपेनंतर ताजंतवानं वाटत नसेल, तर पाळीला दोष देऊन चालणार नाही. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबून गुदमरल्यासारखं होऊन उठणं (हे बायको सांगते, स्वतःला कळत नाही), सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, वाढलेला रक्तदाब, ४० सेंटिमीटरपेक्षा जाड मान: यांतली दोन-तीन लक्षणं असतील तर स्लीप अ‍ॅप्निया तपासून घ्या. झोपेत दहा किंवा जास्त सेकंद श्वास अडणं असं तासात पाच किंवा जास्त वेळा होत असेल आणि लक्षणं असतील तर तो आजार धरतात. आपल्याकडे एकेकाळचे पैलवान यात हमखास सापडतात. कुस्ती सुटते, मान आणि वजन राहतं, आणि घोरणं म्हणजे गाढ झोप असा समज असतो. संध्याकाळी पायांत हुळहुळ होऊन ते हलवल्याशिवाय चैन पडत नसेल तर रक्तातलं फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) बघा. ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर लोहाच्या उपचाराने फरक पडतो, हिमोग्लोबिन ठीक असलं तरी. आणि आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने, सुट्टीतही झोप लागत नसेल तर तो निद्रानाश. त्यावर वर्तनोपचार (झोपेच्या सवयी आणि तिच्याबद्दलचे विचार बदलण्याचा उपचार) हा पहिला इलाज आहे, गोळी नंतर.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची वही न्या. रोज एक ओळ पुरे: कोणती पाळी, अंथरुणात किती वाजता, अंदाजे डोळा कधी लागला, जाग कधी, चहा शेवटचा किती वाजता, डुलकी किती, आणि कामावर पेंग आली ती वेळ. दोनपैकी एक आठवडा नाईटचा आणि एक दिवसपाळीचा असावा. दोन्ही शेजारी ठेवले की पाळीमुळे काय होतंय आणि तिच्याशिवाय काय, हे पहिल्या पाच मिनिटांत दिसतं.